इल्म, अमल आणि शेवरोलेचा कार्बोरेटर

मुसलमानांच्या ‘सुवर्णकाळा’बद्दल बोलायला आपल्याकडे आता फारसा अभ्यास लागत नाही. दर जुम्म्याला मोबाईलवर एक यादी येते. बगदाद, कुर्तुबा, समरकंद. बीजगणित, दृष्टिशास्त्र, शस्त्रक्रिया. आणि शेवटी अल-जझारीचे नाव, हत्तीच्या घड्याळाच्या चित्रासह. आपण ‘सुभानअल्लाह’ लिहितो आणि यादी पुढे पाठवतो. यादीतली नावे खरी आहेत, त्यांचे काम मोठे आहे. माझी तक्रार एवढीच की आपण नाव घेतो आणि काम पाहायचे राहून जाते. त्याच जातीचे काम करणारा माणूस आपल्या मोहल्ल्यात गॅरेजच्या फळीवर काळ्या हातांनी बसलेला असतो. त्याला मात्र आपण इतिहासात कुठेच जागा देत नाही.

या लेखात मी एका जुन्या ट्रकचा कार्बोरेटर आणि त्याला पॅडलशी जोडणाऱ्या दांड्या बदलण्याची हकीकत सांगणार आहे. विषय तेलकट वाटेल. पण यादीतल्या त्या अल-जझारीपर्यंत जायला मला याहून सरळ रस्ता सापडलेला नाही.

आधी ट्रकबद्दल. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने यायचे, शिवडीत गाडी उभी राहायची. शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक तिथून देशभर गेले. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण बदलले. नुसती जोडणी पुरे नाही, भाग इथेच बनवायचे असतील तर राहा, असा १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालाचा रोख होता. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले. पुढे पेट्रोलवर ट्रक चालवणे परवडेना, तेव्हा कित्येक मालकांनी जुन्या ट्रकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेतले. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. त्यामुळे ज्या थोड्या ट्रकांत मूळचे पेट्रोल इंजिन राहिले, ते कंपनीने नाही, मिस्त्र्यांनी जिवंत ठेवले. कंपनी तर गाव सोडून गेली होती.

आमच्याकडच्या एका व्यापारी कुटुंबाकडे असा १९५० चा शेवरोले ट्रक आहे. सहा सिलिंडर, २१६ घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे इंजिन. ट्रक आता कामाला जात नाही. लग्नात, मिरवणुकीत, कधी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात निघतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा स्लो टिकेना, धूर काळा पडू लागला आणि उभ्या गाडीखाली पेट्रोलचा वास येऊ लागला. शेवटची गोष्ट सर्वांत वाईट. या इंजिनात पेट्रोलची हवा आत घेणारा मॅनिफोल्ड आणि जळका धूर बाहेर सोडणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना लागून आहेत. कार्बोरेटर त्यांच्या वर बसतो. तो ओव्हर झाला की पेट्रोल खाली तापलेल्या लोखंडावर पडते. पुढे काय होते ते सांगायला नको.

मिस्त्री म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. टॉर्च धरायला आणि टिपणे काढायला मी दोन दिवस त्यांच्यासोबत होतो.

कार्बोरेटरचे काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. पेट्रोल जळायला हवा लागते आणि तिचे माप ठरलेले आहे : एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर इंजिन मिसिंग करते. हे माप राखायला कार्बोरेटरकडे दोनच साधने. एक, मध्येच अरुंद होणारी नळी. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल ओढले जाते. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये हा परिणाम मांडला. दुसरे साधन पेट्रोलची छोटी टाकी. तिच्यात पितळी फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढले की फ्लोट वर जातो आणि सुईसारखी निमुळती खीळ भोकात दाबून पेट्रोल थांबवतो. उतरले की खीळ सुटते. त्यामुळे टाकीतली पातळी एकच राहते. पातळी एकच राहिली तरच जेटमधून येणारे माप खरे. अशी फ्लोटची टाकी आणि फवारा असलेला कार्बोरेटर जर्मनीत विल्हेम मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास बनवला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका यांनीही पेटंट घेतले.

आता इथे थांबून मागे पाहू. पातळी एकसारखी ठेवणारा फ्लोट आणि निमुळती खीळ ही जोडी १८९३ ची नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबिओस या ग्रीक कारागिराने पाण्याच्या घड्याळात तिचा उपयोग केला असे मानले जाते. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन या तीन भावांनी, म्हणजे बनू मूसांनी, सुमारे शंभर युक्त्यांचे पुस्तक लिहिले. त्यात फ्लोटवर चालणाऱ्या आणि शंकूसारख्या झडपा जागोजागी आहेत. मग दियारबकरच्या अर्तुकी सुलतानांच्या पदरी असलेल्या अल-जझारीने १२०६ मध्ये आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या मोठ्या किल्ला-घड्याळात वरच्या हौदातून पाणी एका छोट्या टाकीत येते. टाकीत फ्लोट, फ्लोटवर निमुळती खीळ. पाणी चढले की खीळ भोक बंद करते. पाण्याची उंची बदलली नाही तर खालच्या भोकातून पाणी सारख्या वेगाने पडते आणि वेळ बरोबर कळते. चाचांच्या हातात जो फ्लोट होता, त्याचे हे काम आठशे वर्षांपूर्वी अरबीत, चित्रांसह, लिहिलेले आहे.

लगेच ‘पाहा, कार्बोरेटरही आपणच शोधला’ असे कुणी लिहू नये. ते खोटे ठरेल. मायबाखने अल-जझारी वाचला होता असे म्हणायला कसलाही आधार नाही. स्वतः अल-जझारी तर असला दावा कधीच करत नाही. आर्किमिडीजच्या नावाने चालत आलेल्या घड्याळाचा तो उल्लेख करतो, बनू मूसांचाही करतो, आणि त्यांच्या रचनेत काय जमले नाही तेही सांगतो. पाणी सोडण्याच्या यंत्रावरचे आधीच्यांचे भाग त्याने तपासले, ते बरोबर येईनात, तेव्हा त्याने स्वतः पुन्हा पुन्हा पाणी सोडून, मोजून, आपले भाग ठरवले. घेतले त्याचे ऋण मान्य करायचे आणि तरीही मोजून पाहिल्याशिवाय मानायचे नाही, ही त्याची रीत.

ती रीत मला त्या दोन दिवसांत गॅरेजमध्ये दिसली.

मालकाने मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरा कार्बोरेटर आणूनच ठेवला होता. त्यांचे म्हणणे, जुना काढा आणि हा बसवा. चाचांनी पहिला तास त्याला हातच लावला नाही. प्लग काढून पाहिले, पॉइंटची फट पाहिली, टायमिंग पाहिले. मग रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवत कुठे हवा घेतोय का ते ऐकले. ‘पहले कान लगाना, बाद में पाना,’ ते म्हणाले. गाडी इतर कशाने बिघडली असेल तर नव्या कार्बोरेटरलाही तीच बदनामी मिळते. इतर सगळे ठीक निघाले तेव्हा जुना खोलला. त्याचे वरचे झाकण काचेच्या तुकड्यावर ठेवले तर खाली उजेड दिसत होता. कुणीतरी स्क्रू नको इतके आवळल्याने ते वाकले होते. थ्रॉटलचा दांडाही त्याच्या भोकात हलत होता. तिथून चोरहवा आत जात होती, म्हणून स्लो टिकत नव्हता.

मग दोन्ही कार्बोरेटर पाटावर शेजारी ठेवून मापे. बुडाच्या दोन स्टडमधले अंतर, गळ्याची रुंदी, पेट्रोलची नळी कोणत्या बाजूने, चोकची तार कुठे अडकते. सगळे जुळले, एक सोडून. नवा कार्बोरेटर त्याच कंपनीचा असला तरी मोटारीवरचा होता. त्याच्या थ्रॉटलचा हात आखूड होता : जुन्याचे भोक दांड्यापासून दीड इंचावर, नव्याचे सव्वा इंचावर. पाव इंचाने काय होणार, असे वाटेल. पॅडलची तीच हालचाल आखूड हाताला जास्त फिरवते. पॅडल अर्धवट दाबले की रेस भसकन वाढते, आणि पॅडल जमिनीला टेकण्याआधीच झडप पूर्ण उघडते. त्यापुढे पायाचा सगळा जोर त्या हातावर, दांडीवर आणि पिनांवर येतो.

या ट्रकात आणखी एक गुंता आहे आणि तो इंग्रजांच्या राज्याने घातलेला आहे. शेवरोलेचे हे इंजिन अमेरिकेसाठी आखलेले. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि कार्बोरेटरही इंजिनाच्या डाव्या अंगाला आहे; पॅडलपासून दांडी जवळच. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे म्हणून ड्रायव्हर उजवीकडे गेला, पण इंजिन तेच राहिले. मग उजव्या पायाखालची हालचाल आडव्या दांड्याने पलीकडे न्यायची, तिथे कोपरासारख्या वाकलेल्या तुकड्याने तिची दिशा बदलायची आणि मग ती कार्बोरेटरला द्यायची. इंग्रजीत त्याला बेल क्रँक म्हणतात, चाचा ‘कोहनी’ म्हणतात. मालकाकडे मूळ अमेरिकन छापील पुस्तक होते. त्यातल्या चित्रात ड्रायव्हर डावीकडेच होता. आमच्यासमोरचा ट्रक त्या पुस्तकात नव्हता.

तो चाचांच्या डोक्यात होता. त्यांनी कार्बोरेटरच्या हाताला भोक पाडले नाही. ‘हा भाग पुन्हा मिळायचा नाही, कोहनी पट्टीची आहे, ती मी उद्या दुसरी बनवीन,’ म्हणाले. कोहनीच्या बाहेरच्या हाताची लांबी तीन इंच होती. त्यांनी बोटाने हवेत काहीतरी मांडले आणि अडीच इंचावर नवे भोक पाडले. मी नंतर कागदावर त्रैराशिक करून पाहिले : सव्वाला दीडने भागले तर सहातले पाच भाग, आणि तीनचे सहातले पाच भाग अडीच. चाचांची शाळा चौथीत सुटली.

बसवताना बुडाखाली नवे पॅकिंग, आणि नट एकदम न आवळता एकदा हा, एकदा तो, थोडे थोडे. मग इंजिन बंद ठेवूनच तपासणी. मी पॅडल जमिनीपर्यंत दाबले, ते वरून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहत होते : झडप उभी राहिली पाहिजे, आणि त्याच वेळी पॅडल खाली टेकले पाहिजे. सोडले की झडप आपोआप, पूर्ण मिटली पाहिजे. ओढून घेणारी स्प्रिंग त्यांनी कार्बोरेटरच्या हातालाच लावली. मध्ये कुठे लावली आणि पुढची पिन निसटली तर झडप उघडीच राहील. डॅशबोर्डवरच्या हात-थ्रॉटलची तार ढिली ठेवून पाहिली, म्हणजे ती झडप धरून ठेवणार नाही. इंजिन हाताने दोन्ही बाजूंना हलवून पाहिले, कारण रबरावर बसलेले इंजिन रेस देताना डुलते आणि दांडी तंग असेल तर स्वतःच रेस वाढवते. एवढी काळजी का? या २१६ इंजिनाच्या रॉडना सुटे शेल नाहीत, मऊ धातू ओतलेला आहे, आणि तेल खालच्या पन्हळीतून रॉडच्या चमच्यांनी उडवले जाते. थ्रॉटल अडकून इंजिन दोन मिनिटे भरधाव फिरले तर बेअरिंग वितळते. आणि रस्त्यावर अडकले तर बेअरिंगचा विचार करायला सवड मिळत नाही.

फ्लोटची सुई मात्र गळत होती. नवी मिळणार नव्हती. चाचांनी चिमूटभर बारीक एमरीची पूड तेलात कालवली, सुईच्या टोकाला लावली आणि ती आपल्या जागेत दोन बोटांनी अर्धा-अर्धा फेरा फिरवत घासली. धुतली, तोंडाने हवा ओढून पाहिली. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा हवा थांबली.

तेव्हा मला जे आठवले त्यासाठी हा लेख लिहीत आहे. अल-जझारीच्या ग्रंथात झडपेची खीळ आणि तिची बैठक एकमेकांवर एमरीच्या पुडीने घासून पाणी न झिरपेल अशी बसवण्याची कृती दिलेली आहे. भोके मापून खरी करण्याची कृती आहे. लाकडी साचे कसे वापरायचे, कागदाचे नमुने करून रचना आधी कशी पाहायची, चाकाचा तोल कसा साधायचा, हेही आहे. डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने १९७४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला त्याचे मोल अधिक कळले ते या बारकाव्यांमुळे. हत्ती आणि मोर डोळ्यांत भरतात, पण ग्रंथ मोठा आहे तो वाचणाऱ्या कारागिराला तेच यंत्र पुन्हा बनवता यावे म्हणून तो लिहिला आहे यामुळे. त्याच्या लांबलचक अरबी नावातच ‘इल्म’ आणि ‘उपयोगी अमल’ यांना एकत्र आणणारा, असा अर्थ आहे. आणि तो लिहिला का गेला? प्रस्तावनेत अल-जझारी सांगतो की सुलतानाने त्याला म्हटले, तू जे घडवलेस ते वाया जाऊ देऊ नकोस, लिहून ठेव. त्याच्याआधी आणि नंतर त्याच्याइतके कसबी हात किती होऊन गेले असतील! त्यांना तसे म्हणणारा कुणी भेटला नाही, म्हणून यादीत त्यांचे नाव नाही.

चाचांना आजवर तसे कुणी म्हटलेले नाही. सुलतान सोडा, आपणही नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांचा मोठा वाटा स्वतःच्या छोट्या धंद्यांत आहे असे दिसते, आणि वाहनदुरुस्ती हा त्यातला एक ठळक धंदा. आपण ते वाचताना मागासलेपणाचा आकडा म्हणून वाचतो. नोकऱ्या नाहीत, शिक्षण नाही, म्हणून गॅरेज. ते खरेच आहे आणि त्याबद्दल भांडलेच पाहिजे; चौथीत शाळा सुटणे ही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण त्याच गॅरेजांत साठलेल्या विद्येची नोंद कुठल्याच अहवालात नाही, मदरशात नाही, आयटीआयच्या पुस्तकात नाही. ‘इल्म हासिल करो’ असे आपण पोरांना सांगतो तेव्हा डोळ्यांसमोर पांढरा शर्ट असतो. अल-जझारीचा कपडा पांढरा राहत असेल असे मला वाटत नाही.

वेळही फार उरलेला नाही. चाचांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, नातू संगणक शिकतो. त्यांनी तेच करावे. शागीर्द आता येत नाहीत, कारण कार्बोरेटरच्या गाड्या येत नाहीत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुनी रबरे फुगतात आणि जुन्या जेटचे मापही अपुरे पडते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि त्याच हवेला जास्त इंधन लागते. यावर काय करायचे ते चाचांना ठाऊक आहे. छापलेले कुठे नाही. त्यांना एका कानाने आता कमी ऐकू येते, आणि त्यांची निम्मी विद्या कानात आहे.

मी त्यांना म्हटले, ‘चाचा, हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे.’ ते हसले. ‘बेटा, यात लिहिण्यासारखं काय आहे? हात करतो.’ मग थोड्या वेळाने स्वतःच विचारले, ‘सुईचं लिहिलंस का? तेल जास्त घेतलं तर पूड घासत नाही, नुसती फिरते.’ मी ते लिहिले.

आता दर रविवारी तासभर मी त्यांच्याकडे जातो. वहीत आतापर्यंत एकोणतीस पाने झाली आहेत : कोणता भाग, कोणते माप, काय ऐकायचे, काय करायचे नाही. कोहनीचे चित्रही आहे, ड्रायव्हर उजवीकडे धरून. तुमच्या मोहल्ल्यातही कुणी असेल. मोटारीचा मिस्त्री असेल, कल्हईवाला असेल, बँडची वाद्ये दुरुस्त करणारा असेल, मागावर बसणारा असेल. एक वही घ्या, मापे लिहा, चित्र काढा, त्यांचे नाव त्यांच्या परवानगीने वर लिहा. लिहिताना फार सुंदर लिहिण्याची गरज नाही. वाचणाऱ्याला ते पुन्हा करता आले पाहिजे, एवढे पुरे.